ओढून बघितलंस?



मागे बडोद्याच्या एका ताईंनी इथे आपल्या आजीच्या पितळी पातेल्याचा फोटो टाकला होता. त्याखाली सगळ्यांनी कल्हईवाल्याच्या आठवणी लिहिल्या. तो भाता, तो नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील, आणि काळंकुट्ट पातेलं बघता बघता आरशासारखं होणं. मलाही लिहायचं होतं. पण माझी कल्हईची आठवण पातेल्याची नाही, वायरीची आहे, आणि ती दोन ओळींत मावणारी नव्हती. म्हणून ही स्वतंत्र पोस्ट. लांबलीय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. गोवा मुक्त झाल्यावर पुढच्या काही वर्षांत बाबा बार्जवर इलेक्ट्रिशियन म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. आई गोव्याचीच. त्यामुळे घरात बाबांची मालवणी वळणाची मराठी, आईची कोकणी, आणि आम्हा मुलांची दोन्हींची भेळ. शाळा मराठी, पत्रं मराठी, भजनं मराठी, भांडणं मात्र कोकणीत. गोव्यातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

बाबांचा बार्ज खनिज माती घेऊन मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायचा. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यामुळे समुद्र असा खवळतो की बार्ज तिथून बाहेर काढत नाहीत, कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत जातात. म्हणजे बाबा पावसाळ्यातही घरी असतीलच असं नाही. ही गोष्ट घडली तेव्हा ते नव्हते, म्हणून हे सांगितलं.

मामाचा ट्रॉलर मालीमच्या जेटीवर असायचा. पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडे. लाकडी बोट, एक डिझेल इंजिन, बारा व्होल्टची बॅटरी, चार दिवे, एक हॉर्न आणि बोटीच्या पोटात साचणारं पाणी बाहेर टाकणारा एक छोटा पंप. हे पोटातलं पाणी प्रत्येक बोटीत असतंच. लाकडातून झिरपतं, पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब थेंब येतं, वरून मासळी धुतल्याचं येतं. त्या पाण्याला सगळे बिल्ज म्हणतात. पंपाला फ्लोट स्विच असतो. पाणी चढलं की तरंगा वर उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी उतरलं की बंद. माणसाने बघायची गरज नाही. आणि तीच त्यातली गोम आहे.

१९९६ चा पावसाळा. मी नुकतंच आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट घेतलेलं. बोटी बंद, जेटीवर रंगकाम, जाळी विणणं, इंजिन उघडणं चाललेलं. मामा म्हणाला, "बोटीचें वायरिंग कुसलां. तूं करशी?" मी कशाला नाही म्हणतोय! एकवीस वर्षांचा होतो, दोन बंगल्यांचं वायरिंग स्वतः केलं होतं. एकदा मनात आलं की बाबांना विचारावं. पण ते आयटीआयला गेलेले नव्हते, आणि मी गेलो होतो. त्या वयात एवढं पुरतं.

आठ दिवसांत बोट नव्यासारखी केली. जे घरात शिकलो तेच केलं. बाजारातली साधी दीड स्क्वेअरची पीव्हीसी वायर आणली. जिथे जोड आला तिथे टोकं सोलून छान घट्ट पिळा मारला, वर काळी टेप तीन वेळा गुंडाळली. काही ठिकाणी पांढऱ्या प्लास्टिकचे कनेक्टर, ज्यात स्क्रू थेट तारेवर दाबतो ते. वायरी लाकडाला खिळ्याच्या क्लिपांनी ठोकल्या. दिसायला इतकं सुबक, की शेजारच्या बोटीचा तांडेल येऊन बघून गेला. टेस्ट लँप लावला, पेटला. पंप चालवला, चालला. मामाने हजार रुपये हातावर ठेवले. त्यातून मी आईला प्रेशर कुकर आणला. हे सांगण्याचं कारण असं, की तो कुकर पुढे कितीतरी वर्षं घरात शिट्ट्या मारत होता आणि प्रत्येक शिट्टीला मला ती बोट आठवायची.

नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला आणि बोट सुरू झाली. चवथीला सगळे घरी. चवथ आटोपल्यावर बोट परत निघाली, तेव्हा धाकटा भाऊ हट्टाने बरोबर गेला. बारावीत होता. कॉलेजला दांडी मारून एक रात्र समुद्रावर. आई नको म्हणत होती. मीच म्हटलं, "जाऊ दे गं, मामा आहेच की बरोबर."

त्या रात्री काय झालं ते मी पाहिलेलं नाही. भावाने नंतर तुकड्यातुकड्यांत सांगितलं तेवढंच माहीत आहे. पहाटेच्या आधी इंजिनाचा आवाज बदलला म्हणून खलाशी खाली उतरला, तर पाणी पोटरीपर्यंत. ग्लँडचं पॅकिंग सैल झालं होतं, थेंबाची धार झाली होती. एरवी ही मोठी गोष्ट नाही, पंप ते पाणी सहज काढतो. पण पंप गप्प होता. पाणी चढत चढत पट्ट्यापर्यंत आलं आणि पट्ट्याने ते सगळ्या इंजिनवर, डायनॅमोवर, बॅटरीच्या पेटीवर उडवलं. दिवे आधी पिवळे झाले, मग गेले. इंजिनही गेलं. काळोखात, बिनदिव्याची, वाऱ्यावर आडवी हलणारी बोट. सगळ्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं. भावाच्या हातात टॉर्च दिला होता आणि सांगितलं होतं, फिरवत राहा, कुणीतरी बघेल. त्याने तो टॉर्च किती वेळ फिरवला ते त्यालाही सांगता येत नाही. शेवटी दुसऱ्या एका ट्रॉलरने पाहिलं आणि दोर टाकून ओढत आणलं.

मी दुपारी जेटीवर पोचलो तेव्हा भाऊ जाळ्यांच्या ढिगावर बसून चहा पीत होता. मला बघून हसला. मामा मात्र हसला नाही, ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फ्लोट स्विचची वायर माझ्या जोडाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर कापून काढली होती. ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्याने माझ्या हातात दिली, एवढंच म्हणाला, "बापायक दाखय."

बाबा चार दिवसांनी घरी आले. मी ती पुडी त्यांच्यासमोर ठेवली. ते काही बोलले नाहीत. आधी हातपाय धुतले, पेज जेवले, मग चष्मा लावून पडवीत बसले. ब्लेडने टेप कापली. टेपखाली पिळा नव्हताच! हिरवट, ओलसर भुकटी होती आणि तिच्यात केसासारखी एक तार अडकलेली. मग त्यांनी ब्लेड पुढे सरकवलं आणि वायरीचं कव्हर उभं चिरत गेले. एक इंच, दोन इंच, पूर्ण वीत. बाहेरून कव्हर नवंकोरं, आत तांबं काळं पडलेलं. म्हणाले, "बघ. वायर पाणी पिते. बारीक तारांच्या मधून पाणी वर चढतं, दिव्याची वात जशी तेल ओढते तसं."

मी म्हटलं, "पण चवथीच्या आदल्या दिवशी मी मीटर लावून बघितलं होतं. बरोबर बारा व्होल्ट दाखवत होतं."

त्यावर ते पहिल्यांदा हसले. "ही एक केसाएवढी तार आहे ना, मीटरला तेवढी पुरते. मीटर काय खातो? पंप पाच अँपियर मागतो. ते या केसातून कसं जाणार? मोजायचं ते पंप चालत असताना, पंपाच्या तोंडाशी." आयटीआयमध्ये ओहमचा नियम मला तोंडपाठ होता. तो इथे लागू होतो हे मात्र पडवीत कळलं.

आता त्यातलं शास्त्र थोडक्यात. घरात २३० व्होल्ट असतात, वाटेत एखादा व्होल्ट हरवला तर कुणाच्या लक्षात येत नाही. बोटीत मुळात बाराच. बॅटरीपासून पंप आठ मीटरवर असला तर जाऊन येऊन सोळा मीटर तार. दीड स्क्वेअरच्या नव्या तारेतसुद्धा पाच अँपियरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तेच चार स्क्वेअरची तार घातली तर ०.३५. म्हणजे माझी वायर कुजण्याआधीच पंप अर्धपोटी चालत होता. दुसरं, फ्लोट स्विचच्या वायरीत वीज कायम असते, बोट जेटीला बांधलेली असली तरी. खारं पाणी, तांबं आणि चोवीस तास वीज, म्हणजे शाळेत इलेक्ट्रोप्लेटिंगचा प्रयोग करायचो तोच. पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळून निघून जातं. आम्ही घरी झोपलो होतो, मोदक खात होतो, तेव्हाही माझा जोड तिकडे झिजत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली पेटी काढली आणि मला मालीमला नेलं. वाटेत फक्त एक गोष्ट बोलले. म्हणाले, "तुझ्या आजीचं ताक का कळकायचं?" मी म्हटलं, "कल्हई गेल्यावर." "मग वायरीला कल्हई नको?"

त्यांच्या पेटीत जहाजाच्या वायरीचं भेंडोळं होतं. सोललं तर आतली तार लाल नाही, चांदीसारखी. प्रत्येक केसाएवढ्या तारेवर कथिलाचा मुलामा. अहो, कल्हईच ती! ब्लेडने खरवडली की खालून लाल तांबं दिसतं. (आता बाजारात याच्या अगदी उलट माल येतो. वरून लाल, खरवडलं की आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. घरातसुद्धा ती वायर घेऊ नका. दुकानात खरवडून बघा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.)

त्या दिवशी आम्ही माझं सगळं काम उपटून काढलं. सगळं. मी एकदा म्हटलं की मास्टवरच्या दिव्याची वायर चांगली आहे, राहू दे. बाबांनी पकड माझ्याच हातात दिली.

मग जोड कसा करायचा ते दाखवलं. तारेच्या मापाची थिंबल, तीही कथिलाचा मुलामा असलेली. मोठी नको, आणि तारा बसत नाहीत म्हणून चार तारा कापून लहानही नको. सोलताना एकही तार तुटता कामा नये. मग क्रिम्पिंगचं हत्यार, खाचा असलेलं, पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारं. पकडीने चेपलेली थिंबल दिसायला तशीच दिसते, पण आत पोकळी राहते आणि पोकळीत मीठ शिरतं. हत्याराने नीट दाबलेल्या थिंबलमध्ये तारा आणि नळी इतक्या एकजीव होतात की कापून पाहिलं तर मधे फट दिसत नाही. आणि दाबून झालं की ओढायचं. बोटांनी नाही, मुठीत धरून, दात आवळून. सुटली तर आत्ता सुटू दे, दर्यात नको.

मी विचारलं, "सोल्डर करू? जास्त पक्कं होईल." आजही लोक मला हेच विचारतात. सोल्डर म्हणजे आपला डाख, आणि डाख घरच्या रेडिओत उत्तम. बोटीत इंजिन दिवसरात्र थरथरतं. डाख तारांमधून थोडा वर चढतो आणि जिथे तो थांबतो तिथे तार एकदम ताठ होते. त्या रेषेवर प्रत्येक थरथर येऊन आदळते आणि बरोबर तिथेच तार तुटते, तीही कव्हराच्या आत, दिसत नाही. शिवाय जोड तापला तर डाख वितळतो. म्हणून निव्वळ डाखाच्या भरवशावर बोटीतला जोड ठेवायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच भेटले, चांगले इंजिनियरही. घाला. मी माझं मत बदललेलं नाही.

बाकीच्या गोष्टी त्यांनी शिकवल्या असं म्हणता येणार नाही, करताना त्या तोंडातून येत गेल्या. जोड कधीही पाण्याच्या वाटेत नको. पंपाची वायर आधी वर उचलायची, आणि वर कोरड्या जागी डबीत जोडायची. डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून उतरणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, आत जात नाही. थिंबल बंद कड्याची, फाट्याची नको, कारण नट सैल झाला तर फाटा निसटतो, कडं निसटत नाही. कडं थेट पितळी पट्टीवर बसलं पाहिजे. मधे स्टीलचा वॉशर घालायचा नाही, स्टीलमधून वीज नाखुशीने जाते. वॉशर वरून. सगळं आवळल्यावर मग व्हॅसलीन, आधी नाही. दर दीड फुटावर वायर बांधायची, म्हणजे तिचं ओझं जोडावर येत नाही. आणि प्रत्येक टोकाला वीतभर वायर जास्त ठेवायची. मी कारण विचारलं तर म्हणाले, "उद्या कोणीतरी तुझ्यासारखा येईल, त्याला कापायला नको का काही?"

जोडाला झाकायला तेव्हा आमच्याकडे स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप होती, ताणून गुंडाळायची. आता आतून गोंद असलेली नळी मिळते. गरम केली की आवळते आणि दोन्ही तोंडांतून गोंदाचा बारीक मणी बाहेर येतो. तो मणी दिसला की समजायचं, बंद झालं. बाबांनी ती नळी शेवटच्या काळात पाहिली. मणी बघून त्यांना इतका आनंद झाला, जसा काही नातू झालाय.

संध्याकाळी मी मामाला हजार रुपये परत द्यायला गेलो. उसने घेऊन आणले होते. त्याने घेतले नाहीत. तो जोडांच्या डबीपाशी वाकला, झाकण काढलं आणि एकेक वायर धरून ओढायला लागला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सगळें वोडून पळयलें?" मी म्हटलं, "हो मामा." त्याने तरी सगळ्या ओढल्या.

त्यानंतर मी बंगल्यांचं काम सोडलं. ठरवून नाही. पुढच्या वर्षी त्या शेजारच्या तांडेलाने बोलावलं, मग त्याच्या भावाने, आणि हळूहळू मालीम, बेती, शापोरा असं माझं पावसाळ्याचं गाव ठरून गेलं. आता बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. त्या दिवसांत मला लग्नाला बोलावू नका, मी येत नाही. बोटींवर आता जीपीएस आलं, मासळी दाखवणारे पडदे आले, वायरलेस आला. सगळं नाजूक, बॅटरी जरा खाली गेली की रुसणारं. कितीदा तरी लोक मशीन कंपनीकडे परत पाठवतात आणि दोष असतो बॅटरीच्या टोकाशी, पांढऱ्या भुकटीत.

भावाबद्दल कुणी विचारील म्हणून लिहितो. तो त्यानंतर बोटीवर गेला नाही. बँकेत लागला, आता फोंड्याला असतो. बेतीहून पणजीला फेरीबोटीने जायची वेळ आली तरी पुलावरून लांबून जातो. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मी एकदाच प्रयत्न केला, बाबा गेले त्या वर्षी. म्हटलं, त्या रात्रीचं माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, "ठाऊक आहे. मामाने तेव्हाच सांगितलं होतं. टॉर्च हातात देताना." म्हणजे टॉर्च फिरवताना त्याला माहीत होतं. आणि दुपारी जेटीवर मला बघून तो हसला होता.

गेल्या वर्षी त्याचा मुलगा, माझा पुतण्या, सुट्टीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मला पण बोटीवर काम शिकव." भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "जेटीला बांधलेल्या बोटीवर. सुटलेल्या नाही." मी हो म्हटलं.

मामाची ती लाकडी बोट केव्हाच मोडीत गेली. आता मामेभावाची आहे. मामा ऐंशीच्या पुढे गेलाय, गुडघे गेले, पण जुलैच्या शेवटी खुर्ची टाकून जेटीवर बसतोच. पुतण्याने पंपाचा जोड केला. स्वतः सोललं, स्वतः दाबलं, नळी तापवली, मणी बाहेर आला. मला दाखवला, मी मान हलवली. मग मामा उठला. दोघांनी धरून त्याला फळीवरून आत घेतलं. त्याने डबीत हात घातला, वायर मुठीत धरली आणि ओढली. हात थरथरत होता, फारसं बळ नव्हतं त्यात.

"वोडून पळयलें?" त्याने पोराला विचारलं.

पोरगा म्हणाला, "काकांनी बघितलं."

"काकान न्हय," मामा म्हणाला, "तुवें."

पोराने माझ्याकडे बघितलं. मग पाय रोवून वायर दोन्ही हातांत धरली.